खुर्ची, मांस आणि संविधान

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम शहरात 'ऑलीज बार्बेक्यू' नावाचं एक घरगुती रेस्टॉरंट होतं. बसायला २२० जणांची सोय. कामाला ३६ माणसं, त्यातली जवळपास दोन तृतीयांश काळी. म्हणजे काळा माणूस कामाला चालत होता. गिऱ्हाईक म्हणूनही चालत होता, फक्त त्याने आत खुर्चीवर बसायचं नाही. पार्सल घ्यायचं आणि निघायचं. १९२७ साली हॉटेल उघडलं तेव्हापासूनचा हा नियम. १९६४ च्या जुलैत नागरी हक्क कायदा आला, तेव्हा हा कायदा आम्हाला लागू करू नका म्हणून मालकच कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने त्यांचं ऐकलंसुद्धा. १४ डिसेंबर १९६४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी तो निकाल फिरवला.

इथवर गोष्ट सरळ आहे. निकालाचं कारण वाचलं आणि मी अडकले.

कारण होतं मांस. ऑलीजने आधीच्या बारा महिन्यांत साधारण दीड लाख डॉलरचा माल घेतला होता. त्यातलं ६९,६८३ डॉलरचं मांस ज्या स्थानिक व्यापाऱ्याकडून आलं, त्याने ते अलाबामाच्या बाहेरून मागवलेलं होतं. काळ्या गिऱ्हाइकांना बसू दिलं नाही तर जेवणं कमी खपतात, मांस कमी लागतं, राज्याराज्यांतल्या व्यापाराला खीळ बसते. आणि आंतरराज्य व्यापाराचं नियमन करायचा अधिकार केंद्राला आहे. म्हणून केंद्राचा कायदा ऑलीजला लागू.

पुन्हा वाचून पाहा. माणसाला दारातून परत पाठवलं, त्याच्या पोरांदेखत त्याचा अपमान केला, हे कारण नाही. मांस कमी खपलं, हे कारण आहे.

मी वकील नाही. दिवसभर कोड लिहिते. आमच्याकडे एक सवय अंगात मुरते: एखादी गोष्ट चालते आहे म्हटल्यावर ती का चालते हेही बघायचं. त्यासाठी एक सोपी चाचणी असते. ज्या गोष्टीचा उत्तराशी संबंध नसायला हवा ती बदलायची आणि उत्तर बदलतं का ते पाहायचं. इथे ती लावा. समजा ऑलीजने सगळं मांस अलाबामातल्याच जनावरांचं घेतलं असतं, मीठमिरचीसुद्धा तिथलीच. बाहेरगावचे प्रवासी तिथे येतात असा सरकारचा दावा नव्हताच. मग काय? कायद्याच्या शब्दांप्रमाणे ते हॉटेल सुटलं असतं. खुर्ची तीच, माणूस तोच, अपमान तोच. फक्त गुरांचा पत्ता बदलला.

हे असं का करावं लागलं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात कुणी मूर्ख नव्हतं.

अमेरिकेत केंद्राला संविधानाने मोजून दिलेले अधिकारच वापरता येतात, उरलेले सगळे राज्यांचे. (आपल्याकडे उलटं आहे. यादीत नसलेला विषय केंद्राकडे जातो.) गुलामगिरी संपल्यावर १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली. कायद्याचं समान संरक्षण कुठल्याही राज्याने कुणाला नाकारू नये, असा तिचा आशय. तिच्या जोरावर काँग्रेसने १८७५ मध्ये कायदा केला की खानावळी, नाटकगृहं, प्रवासाची साधनं सगळ्यांना खुली. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कोर्टाचं म्हणणं असं की दुरुस्ती राज्याला बांधते, खानावळीचा मालक म्हणजे राज्य नव्हे. आठ विरुद्ध एक. तो एक म्हणजे जॉन मार्शल हार्लन, केंटकीचा, स्वतः एकेकाळी गुलाम बाळगणारा. त्याचं म्हणणं होतं की लोकांना सेवा देण्याचा धंदा ज्याने मांडला, त्याच्याकडे आपण खाजगी माणूस म्हणून बघू शकत नाही. त्याचं कुणी ऐकलं नाही, आणि पुढची ऐंशी वर्षं हाच निकाल दारावर उभा राहिला.

मधल्या काळात दुसरीच एक वाट रुंद होत गेली. १९३० च्या दशकातल्या मंदीनंतर केंद्राने शेती, मजुरी, कारखाने यांत हात घातला आणि कोर्टाने 'व्यापार' या शब्दाला ताणत नेलं. १९४२ ची एक केस तर ऐकण्यासारखी आहे. ओहायोतल्या रॉस्को फिलबर्न नावाच्या शेतकऱ्याला सरकारने गव्हासाठी ११.१ एकर ठरवून दिले होते, त्याने २३ एकरांत पेरला. म्हणाला, जास्तीचा गहू माझ्या घरी, माझ्या जनावरांना घालतोय, तुमचा काय संबंध? कोर्ट म्हणालं, तू घरचा गहू वापरलास म्हणजे बाजारातून विकत घेतला नाहीस, आणि सगळ्यांनीच असं केलं तर देशभरातला भाव हलेल. झाला आंतरराज्य व्यापार. ऊस-कांद्याच्या राजकारणात वाढलेल्या मराठी माणसाला यात फार नवल वाटू नये. पण पुढच्या बावीस वर्षांत याच गव्हाच्या तर्कावर काळ्या माणसाची खुर्ची उभी राहिली.

१९६३-६४ मध्ये कायदा आणणाऱ्यांसमोर दोन रस्ते होते. चौदाव्या दुरुस्तीवर ठामपणे उभं राहायचं आणि १८८३ चा निकाल चूक होता असं कोर्टाकडून वदवून घ्यायचं, किंवा व्यापाराच्या वाटेने वळसा घालायचा. त्यांनी दोन्हींचा आधार घेतला, पण भार व्यापारावर टाकला. त्यात कायद्याइतकाच राजकारणाचा भाग होता. सिनेटच्या न्यायविषयक समितीचा अध्यक्ष होता मिसिसिपीचा जेम्स ईस्टलंड. असल्या विधेयकांचं तिथे काय व्हायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. व्यापार समितीचा अध्यक्ष वॉशिंग्टन राज्याचा, अनुकूल. मग हॉटेलांविषयीचं विधेयक व्यापार समितीकडे पाठवलं. तिथे रॉय विल्किन्स यांनी साक्ष देताना काळ्या कुटुंबाला मोटारीने लांबचा प्रवास करायचा असेल तर काय काय आखावं लागतं हे सांगितलं. कुठे थांबायचं, कुठे खायचं, पोरांना लघवी लागली तर कुठे न्यायचं. व्यापाराच्या समितीपुढे, व्यापाराचा पुरावा म्हणून.

त्याच दिवशी निकाल लागलेली दुसरी केस अटलांटातल्या एका २१६ खोल्यांच्या मोटेलची. तिथले पंचाहत्तर टक्के पाहुणे राज्याबाहेरचे, त्यामुळे व्यापाराचा मुद्दा सोपा. मालक स्वतः वकील. त्याने एक युक्तिवाद असा केला की काळ्यांना खोली द्यायला लावणं म्हणजे माझ्यावर लादलेली गुलामगिरी. ज्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली, तिचाच आधार. काही माणसांचा आत्मविश्वास पाहून थक्क व्हायला होतं.

न्यायमूर्तींपैकी दोघांना हे मांस घशात अडकलं होतं. गोल्डबर्ग यांनी वेगळं मत लिहून सांगितलं की या कायद्याचा मूळ हेतू माणसाची प्रतिष्ठा हा आहे, नुसतं अर्थकारण नाही. डग्लस म्हणाले की माणसाचा हक्क गुरंढोरं, फळं, पोलाद, कोळसा यांच्या ये-जा करण्याच्या रांगेत बसवणं मला पटत नाही. चौदाव्या दुरुस्तीवर निकाल दिला तर प्रत्येक हॉटेलाचं मांस कुठून आलं यावर भांडत बसण्याचा मार्गच बंद होईल. दोघांनीही निकालाच्या बाजूनेच मत दिलं. कारण वेगळं, मत तेच.

मी त्या जागी असते तर मीही मांसाच्या बाजूने मत दिलं असतं. रात्री रस्त्याकडेला गाडीत पोरांना झोपवणाऱ्या माणसाला, जरा थांब, आम्ही योग्य कारण शोधतोय, असं सांगणं मला क्रूर वाटतं. कारणाची शुद्धता ही ज्याच्याकडे घर आहे त्याची चैन असू शकते. पण म्हणून उसन्या कारणाची किंमत शून्य होत नाही. ती नंतर येते, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाला भरावी लागते.

इथे ती छत्तीस वर्षांनी आली. स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध १९९४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला. त्यात एक कलम होतं की स्त्री म्हणून जिच्यावर हल्ला झाला, ती हल्लेखोराविरुद्ध थेट केंद्रीय कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लावू शकते. व्हर्जिनियातल्या एका विद्यार्थिनीने दोन खेळाडूंवर बलात्काराचा आरोप करून असा दावा लावला. काँग्रेसने १९६४ सारखीच तयारी केलेली होती: दवाखान्यांचा खर्च, सुटलेल्या नोकऱ्या, भीतीने टाळलेले प्रवास, या सगळ्याचा पुरावा गोळा केला होता. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते कलम रद्द केलं. बलात्कार हा आर्थिक व्यवहार नाही, म्हणून व्यापाराचा अधिकार तिथे पोचत नाही.

शब्दशः बघितलं तर खरंच आहे ते. बलात्कार हा आर्थिक व्यवहार नाहीच. खुर्चीवर बसू न देणं हासुद्धा मुळात आर्थिक व्यवहार नव्हता.

मग चौदावी दुरुस्ती? तीही चालली नाही. हल्ला करणारे म्हणजे राज्य नव्हे. आणि त्यासाठी आधार कशाचा दिला, तर १८८३ च्या त्याच निकालाचा. मला या सगळ्या प्रकरणातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते. १९६४ मध्ये त्या निकालाला वळसा घातला, तो पाडला नाही. रस्त्यातला धोंडा बाजूने गाडी काढली म्हणून हलत नाही. तो तिथेच राहिला आणि एका मुलीला आडवा आला. आमच्या धंद्यात याला तांत्रिक कर्ज म्हणतात. पण आमच्या कर्जाने फार तर सर्व्हर पडतो.

या केसमध्ये छत्तीस राज्यांनी कायद्याच्या बाजूने कोर्टात निवेदन दिलं होतं. राज्यांचे अधिकार वाचवण्यासाठी जो कायदा रद्द झाला, तो बहुसंख्य राज्यांना हवा होता. विरोधात उभं राहिलेलं राज्य एकच, अलाबामा.

यावरून कुणी म्हणेल की अल्पसंख्याकांचं भलं बळकट केंद्रातच आहे. आपल्याकडेही हे ऐकू येतं, आणि गावगाड्याबद्दल आंबेडकरांनी संविधान सभेत जे कठोर बोल सुनावले ते आठवले की मलाही तसं वाटतं. पण अमेरिकेतच १८५० मध्ये केंद्राने कायदा केला होता की पळालेला गुलाम उत्तरेत सापडला तर पकडून मालकाच्या हवाली करायचा. विस्कॉन्सिन राज्याच्या कोर्टाने तो संविधानविरोधी ठरवला. १८५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विस्कॉन्सिनला गप्प बसवलं. तेव्हा राज्यांचा हक्क हा पळणाऱ्या माणसाच्या बाजूचा मुद्दा होता. अधिकार कुठल्या मजल्यावर ठेवलाय यावरून तो कुणाच्या कामाला येईल हे कळत नाही. त्या मजल्यावर बहुमत कुणाचं आणि त्याला काय करायची मुभा नाही, हे बघावं लागतं.

ऑलीज उघडलं १९२७ ला. त्याच वर्षी २० मार्चला महाडात आंबेडकर आणि त्यांच्यासोबतच्या हजारोंनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. तुम्हाला ती तारीख माहीत असणार. तिच्यामागचा कोर्टातला भाग मात्र शाळेत फारसा शिकवत नाहीत. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला होता, महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं होतं. तरी सवर्णांनी त्या डिसेंबरात दावा लावला. तळं आमचं, आणि अस्पृश्यांनी तिथे पाणी भरायचं नाही ही प्राचीन वहिवाट. केस दहा वर्षं चालली. १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचं अपील फेटाळलं. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या निकालाचा गाभा असा की तळं नगरपालिकेच्या ताब्यातलं, आणि ती वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही.

इथे पुन्हा तीच चाचणी. समजा त्यांना पाचशे वर्षांपूर्वीचे कागद सापडले असते. या तर्कात अन्याय जितका जुना तितका त्याचा दावा पक्का. आंबेडकर जिंकले ते प्रतिवादींच्या पुराव्याअभावी नव्हे तर वादींच्या. पाण्यावर माणसाचा हक्क आहे म्हणून ते जिंकले नाहीत. ते स्वतः बॅरिस्टर. काय मिळालं आणि काय मिळालं नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हणून मला संविधानाचं कलम १५(२) वाचताना त्यामागे महाड दिसतं. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तळी, रस्ते यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला अडवायचं नाही. राज्याने नव्हे, कुणीच नाही. मांस नाही, गहू नाही, वहिवाट नाही. २९ नोव्हेंबर १९४८ च्या चर्चेत एका सदस्याने विचारलं की 'दुकान' यात लाँड्री आणि केस कापायचं सलून येतं का. प्रश्न लहान वाटेल, पण ज्याचे केस कापायला गावचा न्हावी नकार देत होता त्याच्यासाठी तो लहान नव्हता. आंबेडकरांनी सांगितलं, जिथे मालक लोकांना आपली सेवा द्यायला बसलाय ते दुकान. हे जवळपास हार्लनचं म्हणणं, पासष्ट वर्षांनी, पण इथे ते एकट्याचं मत म्हणून नव्हे, मूळ मजकुराचा अर्थ म्हणून आलं.

मग आपलं सगळं ठीक आहे का? कलमात घर नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा, सभासद फक्त पारशी असावेत, हा नियम वैध ठरवला. ही केस मला अवघड वाटते. पारशी मूठभर उरलेत, त्यांना एकत्र राहावंसं वाटलं तर मी त्यांना ऑलीजच्या रांगेत बसवणार नाही. पण निकालाचं कारण ते संख्येने थोडे आहेत हे नव्हतं. कारण होतं संघटना करण्याचं स्वातंत्र्य आणि सहकार कायद्याखालचे पोटनियम. हे कारण शंभर घरांच्या समाजाला जसं लागू होतं तसंच शहरभर बहुसंख्य असलेल्यांनाही होतं. बरोबर वाटणारा निकाल, आणि पुन्हा असं कारण की जे उद्या कुणीही उचलून नेऊ शकेल.

माझा एक सहकारी लातूरचा, मुसलमान. पुण्यात घर शोधताना ब्रोकर त्याला म्हणायचे, तुमचं मराठी किती छान आहे हो. मग नाव सांगितल्यावर फोन यायचा नाही. ओनर म्हणायचे, आम्हाला काही प्रॉब्लेम नाही, सोसायटीला चालत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणायचे, आमचा असा काही नियम नाही, ओनरने ठरवायचं. केंद्र आणि राज्य एकमेकांकडे बोट दाखवतात तसं चार मजल्यांच्या इमारतीत चाललं होतं. शेवटी घर मिळालं ते कंपनी लीजवर. करार कंपनीशी, भाडं कंपनीच्या खात्यातून. त्याच ओनरला तोच माणूस, त्याच नावानिशी, चालला. दीड वर्ष तिथे चांगला राहिला, खालच्या काकू ईदला खिरीची वाट बघायच्या. मग त्याची टीम बंद झाली, नोकरी गेली, कंपनीने लीज संपवल्याची नोटीस दिली. ओनर म्हणाले, नवीन करार तुमच्या नावावर? बघतो. सोसायटीला विचारावं लागेल.

मी त्याला ऑलीजची गोष्ट सांगितली. म्हटलं, घरभाड्यातल्या भेदभावाविरुद्ध कधी कायदा आला, तर तो मनुष्यबळाच्या स्थलांतराला अडथळा नको, शहरांची उत्पादकता वाढावी, असल्या कारणाने येईल. आणि मग ज्याला नोकरी नाही त्याला तो लागू होणार नाही.

"अगं, येऊ दे की," तो म्हणाला. "जीएसटीच्या नावाने आणा, स्मार्ट सिटीच्या नावाने आणा. आधी घर."

मी म्हटलं, ठीक, पण पहिल्या कलमात एक ओळ जास्तीची हवी.

"लिहून काढ," तो म्हणाला. "दहा तारखेच्या आत लिही. मला दहाला किल्ली द्यायचीय."